चमचाभर मीठ आणि अख्खा समुद्र

मिठाच्या डब्यातून एक कण उचला. चिमूट नको, एकच कण. डोळे बारीक केल्याशिवाय धड दिसतही नाही असा. त्याची एक कड भरते जेमतेम ०.३ मिलिमीटर. आता या कडेवर किती आयन ओळीने उभे आहेत ते मोजू या. आयन म्हणजे विद्युतभार असलेले अणू. मिठात ते दोनच जातींचे, सोडियम आणि क्लोराइड, एकाआड एक लागलेले. तर त्या इवल्याशा कडेवर उभे आहेत १० लाखांहून थोडे जास्तच! ही झाली एक कड. तेवढेच रुंदीला. तेवढेच उंचीला. दहा लाख गुणिले दहा लाख गुणिले दहा लाख!

इथे आपली रोजची मापं तोकडी पडतात, म्हणून थेट भास्कराचार्यांकडे जाऊ. ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र अशी संख्यास्थानं सांगत सांगत ते परार्धापाशी येऊन थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपल्या त्या एका कणात आयन आहेत सुमारे बारा परार्ध! जिथे यादी संपली, त्याच्या बारापट. आणि हा फक्त एक कण.

मोजायचे ठरवले तर? सगळ्या जगाला कामाला लावू. पृथ्वीवरची सुमारे ८०० कोटी माणसं, तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत, प्रत्येकाने सेकंदाला एक आयन मोजायचा. झोप नाही, जेवण नाही, सुट्टी नाही. एकेकाच्या वाट्याला येतील १५ कोटी. संपायला लागतील पावणेपाच वर्षं. आज पहिलीत बसलेलं पोर तोवर पाचवीची परीक्षा देत असेल, आणि मोजून झालेला असेल मिठाचा एक कण.

बरं, मोजायचे नसतील तर ओळीत मांडू. मिठात जेवढे दाटीवाटीने असतात तेवढेच जवळजवळ. त्या एका कणातल्या आयनांची रांग होईल सुमारे ३ लाख ४० हजार किलोमीटर. मुंबई-पुणे १५० किलोमीटर धरलं तर ही रांग तेवढं अंतर सव्वादोन हजार वेळा कापेल. सरळ आकाशात सोडली, तर चंद्राच्या वाटेतला बहुतेक पल्ला संपलेला असेल!

आता कण सोडा, चहाचा चमचा घ्या. पाच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात याहून कमीच मीठ खायला सांगते. या चमच्यातल्या आयनांची रांग किती लांब? २,९०० कोटी किलोमीटर! व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली पृथ्वीवरून निघालं. माणसाने बनवलेली सर्वांत दूर गेलेली वस्तू तीच. जवळपास पन्नास वर्षं ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने पळतं आहे. आपल्या चमच्यातल्या मिठाच्या रांगेचं टोक त्याने अजून गाठलेलं नाही.

आता हा चमचा पाण्यात टाकू. एक उंच पेला, तळाशी मीठ, आणि अट एकच: ढवळायचं नाही. मीठ विरघळायला लागतं. पाण्याचे रेणू एकेका आयनाला घेरतात, ओळीतून सोडवतात आणि आपल्या गर्दीत ओढून घेतात. सुटलेल्या सोडियमचा वेग किती असेल? खोलीतल्या तापमानाला सेकंदाला साधारण ५७० मीटर. म्हणजे ताशी दोन हजार किलोमीटर! वाटेत कुणी आलं नाही, तर मुंबईहून निघालेला सोडियम साडेचार मिनिटांच्या आत पुण्यात. घाट नाही, टोल नाही, लोणावळ्याला थांबणं नाही.

पण वाटेत पाणी आहे. सेकंदाला लाखो कोटी धक्के बसतात. पुढे, मागे, वर, खाली, जिकडे धक्का तिकडे वळण. आणि मग हाच साडेचार मिनिटांत पुणे गाठणारा गडी पेल्याच्या तळापासून दहा सेंटिमीटर वर चढायला किती वेळ घेतो? महिना उलटतो, वर आठवडा जातो! न ढवळलेल्या, न हललेल्या पाण्यात मीठ एवढ्या सावकाश पसरतं. चमच्याने चार वळसे दिले की हे काम काही सेकंदांत उरकतं. लिंबाच्या सरबतात आपण चमचा फिरवतो तेव्हा महिन्याभराची वाट वाचवत असतो.

किती मीठ मावतं पाण्यात? लिटरभर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम, एक किलोच्या पिशवीचा तिसरा हिस्सा आणि वर थोडं. साखरेसारखं पाणी तापवून फार फायदा नाही. अगदी उकळत्या पाण्यातही ते चारशेच्या आतच राहतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम. म्हणजे ज्या पाण्याचा एक घोट तोंडात घेतला की आपण थू थू करतो, त्यात मिठाला अजून नऊ-दहापट जागा शिल्लक आहे.

खारं पाणी काय काय करतं ते बघायला उन्हाळ्यातली गच्ची आठवा. आइस्क्रीमची लाकडी बादली, मधे दुधाचा डबा, भोवती फोडलेला बर्फ, आणि त्या बर्फावर मुठी मुठीने टाकलेलं जाडं मीठ. हँडल फिरवायला पोरांची रांग. नुसत्या बर्फाने ते गोड दूध गोठत नाही, कारण शून्य अंशाला त्याचं काहीच बिघडत नाही. मीठ पडलं की बर्फ वितळू लागतो, वितळताना उष्णता शोषतो आणि पारा सरसर उतरतो. नीट जमलं तर कुठवर? शून्याखाली २१ अंशांपर्यंत! लडाखमधलं द्रास कडाक्याच्या हिवाळ्यात जिथे पोचतं, तिथे आपली गच्चीवरची बादली मे महिन्यात पोचू शकते. बर्फाच्या कारखान्यातही हीच युक्ती. पाण्याचे डबे खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवलेले असतात. टाकीतलं खारं पाणी शून्याखाली जाऊनही वाहतं राहतं आणि डब्यातल्या गोड्या पाण्याच्या लाद्या होतात.

आता मीठ परत मिळवायचं आहे. उरण, पेण, वसईकडच्या मिठागरांत भरतीचं पाणी आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत आटवतात. आधी गाळ बसतो, मग जिप्सम खाली बसतं. पाणी आटत आटत दहाव्या हिश्शाच्या आसपास आलं की मिठाचे पहिले कण चमकायला लागतात. आगरी माणसं पिढ्यान्पिढ्या हे काम करत आली. भर उन्हात, घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं, त्याच्या राशी घालायच्या, आणि पाऊस यायच्या आत सगळं उचलायचं.

एक किलो खाण्याच्या मिठासाठी समुद्राचं पाणी लागतं सुमारे ३७ लिटर. दोन मोठ्या बादल्या. घरी आटवून बघायचं? दोन बादल्या पाणी पूर्ण उडवायला उष्णता लागेल सुमारे २५ युनिट विजेएवढी. आठ रुपये युनिट धरलं तर बिल २०० रुपये. आणि दुकानात मिठाची पिशवी मिळते पंचवीस-तीस रुपयांत! बाकीचे पैसे कोण भरतं? सूर्य.

हा हिशेब देशभराचा करून बघू. भारतात वर्षाला साधारण ३ कोटी टन मीठ तयार होतं. चीन आणि अमेरिकेनंतर जगात तिसरा नंबर आपला. यातलं ऐंशी टक्क्यांहून अधिक एकट्या गुजरातचं, आणि त्यातलं पुष्कळसं छोट्या रणातल्या आगरियांनी जमिनीखालचं खारं पाणी उपसून पिकवलेलं. हे सगळं मीठ समुद्राच्या पाण्यातून, विजेच्या शेगडीवर काढायचं ठरवलं तर वीज लागेल ७५ हजार कोटी युनिट. बिल येईल सहा लाख कोटी रुपये! महाराष्ट्र सरकारचा २०२४-२५ चा अख्खा अर्थसंकल्प साधारण तेवढ्याच रकमेचा होता. एवढं ऊन आपल्या मिठागरांवर दरवर्षी फुकट पडतं.

आणि ते मीठ वाहून न्यायला मालगाड्या किती लागतील? एका मालगाडीला ५८ वाघिणी, माल सुमारे ४,००० टन. वर्षाच्या मिठाला लागतील साडेसात हजार गाड्या. रोज वीस. एकीमागे एक उभ्या केल्या तर ४,८०० किलोमीटरच्या वर रांग. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा, तो पंचवीस वेळा गच्च भरेल. मिठाच्या गाड्यांनी, इंजिनाला डबा आणि डब्याला इंजिन टेकवून! यातलं ताटात येतं थोडं. मोठा वाटा जातो रासायनिक कारखान्यांत. खाऱ्या पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन निघतो आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा. साबण, कागद, कापड, नळाच्या पाण्याचं शुद्धीकरण, सगळ्यांच्या मुळाशी हेच खारं पाणी.

कारखाने बाहेरच आहेत असं नाही. दोन आपल्या पाठीत, कण्याच्या दोन बाजूंना आहेत. मूत्रपिंडं. दोन्ही मिळून वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. ती दिवसाला किती खारं पाणी गाळतात? १८० लिटर! घरातले दहा-बारा हंडे भरतील एवढं. त्यातून मीठ गाळून जातं सुमारे दीड किलो. रोज दीड किलो! खातो आपण चमचाभर आणि मूत्रपिंडं हाताळतात त्याच्या तीनशेपट. कारण तेच मीठ पुन्हा पुन्हा फिरून येतं. गाळलेल्यातलं ९९ टक्के ती परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर पाणी तेवढं बाहेर सोडतात.

वर्षाचा हिशेब: साडेसहा टँकर खारं पाणी, प्रत्येक टँकर दहा हजार लिटरचा. मीठ साधारण साडेपाचशे किलो, म्हणजे पन्नास किलोची अकरा पोती. सत्तर वर्षांच्या आयुष्यात पाणी ४६ लाख लिटर. वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल विहीर काठोकाठ भरलेली धरली तर अशा तेरा विहिरी! आणि मीठ ३८ टन, दहा टनी ट्रक घेतला तर चार ट्रक. हे सगळं मुठीएवढ्या दोन अवयवांनी, रात्रीही, एकही दिवस खाडा न करता.

रक्तातलं मिठाचं प्रमाण असं सांभाळलेलं असतं, म्हणून तर दवाखान्यातल्या सलाइनचं प्रमाणही ठरलेलं असतं. लिटरला नऊ ग्रॅम मीठ, अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार. रक्ताच्या खारटपणाशी जुळणारं. नळीतल्या छोट्या कुपीकडे बघा. टप. एक थेंब पडला. मिलिलिटरचा विसावा भाग. त्यात मीठ अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. सोडियम-क्लोराइडच्या जोड्या किती? सेहेचाळीस परार्ध! विश्वाचा जन्म झाला १३८० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हापासून आजवर गेलेले सगळे सेकंद मोजले तर होतात साडेचार परार्धांच्या आत. विश्वाच्या वयातल्या एकेका सेकंदाला दहा-दहा जोड्या वाटल्या तरी त्या थेंबातल्या संपणार नाहीत. टप. दुसरा थेंब पडला. बाटलीत असे दहा हजार.

आता समुद्राकडे चला.

पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांत मिळून पाणी आहे सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर. त्यात विरघळलेले क्षार सुमारे अर्धा परार्ध टन. टन बरं का, कण नव्हेत! पाणी सगळं उडालं आणि मीठ तेवढं उरलं, तर ते जगातल्या सगळ्या जमिनीवर पसरून दीडशे मीटर जाडीचा थर होईल. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत फक्त भारतावर टाकलं तर थराची जाडी जवळपास सात किलोमीटर. कळसूबाई १,६४६ मीटर. अशी चार शिखरं एकावर एक ठेवली तरी वर मीठच राहील. आणि फक्त महाराष्ट्रावर ओतलं तर ७३ किलोमीटर! एव्हरेस्टवर एव्हरेस्ट, अशी आठ एव्हरेस्ट त्यात गडप होतील.

मालगाड्या बोलवा. चार हजार टनांची एक, अशा लागतील साडेबारा लाख कोटी. दर सेकंदाला एक भरलेली गाडी सोडायची. एक सेकंद, एक गाडी, अठ्ठावन्न वाघिणी. शेवटची गाडी सुटेल सुमारे चार लाख वर्षांनी! आपली मानवजात पृथ्वीवर येऊन तीनेक लाख वर्षं झाली. म्हणजे आज काम संपवायचं असेल तर पहिली गाडी माणूस जन्माला यायच्या लाखभर वर्षं आधीच सुटायला हवी होती.

आणि या सगळ्या गाड्या एका रांगेत लावल्या तर? एक गाडी सुमारे ६५० मीटर. सगळ्या मिळून आठ लाख कोटी किलोमीटर. प्रकाश मुंबईहून पुण्याला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात पोचतो. सूर्यापासून पृथ्वीवर यायला त्याला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. आपल्या मिठाच्या गाडीच्या इंजिनापासून निघालेल्या प्रकाशाला शेवटच्या गार्डच्या डब्यापर्यंत पोचायला लागतील दहा महिने!

आता याहून मोठं काय असणार? आहे. ते तुमच्या चमच्यात आहे.

तोच चमचा, तेच पाच ग्रॅम मीठ. जुहूच्या किनाऱ्यावर उभे राहा आणि ते लाटेत सोडून द्या. आता कल्पनेने सगळा समुद्र ढवळा. अरबी समुद्र, हिंदी महासागर, प्रशांत, अटलांटिक, आर्क्टिक, तळापासून पृष्ठभागापर्यंत, तुमचं मीठ सगळीकडे सारखं पसरेपर्यंत. मग कुठेही जा. जपानच्या किनाऱ्यावर, ब्राझीलच्या किनाऱ्यावर, उत्तर ध्रुवाच्या बर्फाखाली. एक लिटर पाणी भरून घ्या. त्यात तुमच्या चमच्यातल्या किती जोड्या असतील?

अडतीस!

एखादीही नसेल असं वाटलं होतं ना? हिशेब करून बघा. सगळ्या महासागरांचं पाणी लिटरमध्ये मोजलं तर भरतं तेरा हजार परार्धांच्या थोडं वर. तुमच्या चमच्यात मिठाच्या जोड्या आहेत पाच लाख परार्धांहून जास्त. जगातल्या समुद्रांत जेवढे लिटर आहेत, त्याच्या अडतीसपट जोड्या एका चमच्यात. दहा महिने प्रकाश धावेल तेव्हा कुठे संपणाऱ्या गाड्यांचा तो समुद्र, आणि त्याच्या प्रत्येक लिटरला पुरून उरणारं हे चमचाभर मीठ!

आणि या चमच्याचाही अर्धा भाग काय करू शकतो ते १९७१ साली दिसलं. बांगलादेश मुक्तिसंग्रामातले लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले होते. बनगावच्या छावणीत कॉलराची साथ पसरली होती. सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपांत भरलं आणि ते रुग्णांना पाजायला सांगितलं. नातेवाईकच भांड्यांनी पाजत होते. शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. ग्लुकोज सोबत असलं की आतडं मीठ आत घेतं आणि मिठामागोमाग पाणी येतं. एवढंच त्यामागचं मर्म. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा शोध शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरेल असं म्हटलं. डॉ. महालनबीस २०२२ साली गेले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

या मिश्रणाचं आजचं रूप म्हणजे ओआरएस. त्याच्या एका लिटरमध्ये मीठ असतं २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. सगळं मिळून साडेवीस ग्रॅम. या साडेवीस ग्रॅमने किती जीव वाचवले? अंदाज सांगतात, पाच कोटींहून अधिक! त्यात बहुतेक लहान मुलं. परार्धांनी भरलेल्या या लेखात ही संख्या इवलीशी वाटेल, पण सर्वांत मोठी हीच आहे.

तेव्हा एवढं करा. ओआरएसची दोन-चार पाकिटं घरात ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ती मोफत मिळतात. जुलाब सुरू झाले की मोठं पाकीट पूर्ण लिटरभर स्वच्छ पाण्यात मिसळा. अर्धं पाकीट, अंदाजाने पाणी, असं करू नका. थोडं थोडं पाजत राहा आणि उरलेलं चोवीस तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले किंवा पाणी पोटात ठरेना, तर हे पाजत पाजतच दवाखाना गाठा. अर्धा चमचा मीठ प्रत्येक घरात आहे. ते कधी आणि किती घालायचं, हेही प्रत्येक घराला माहीत असायला हवं.